शंभर बायकांचा थीसिस: सिनॉप्सिस मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील आरोग्यविज्ञान विद्यापीठांच्या विद्यापरिषदांचे सदस्य, वैद्यकीय महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्या आणि पदव्युत्तर गाइड यांस,

विषय: स्त्री-आरोग्यावरील थीसिसमधली नमुनासंख्या, मोजमाप आणि संमती

स.न.वि.वि.

दरवर्षी आपल्या टेबलावर सिनॉप्सिसचे, म्हणजे थीसिसच्या आराखड्यांचे, गठ्ठे येतात. त्यातला स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचा गठ्ठा उघडला की विषयापाठोपाठ एक आकडा हमखास भेटतो, तो म्हणजे १००. गरोदरपणातला ॲनिमिया, १०० रुग्ण. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, दोन औषधांची तुलना, ५० आणि ५०. पीसीओएस (हार्मोन्स आणि पाळीचा बिघाड) असलेल्या मुलींमधली साखर, पुन्हा १००. हा आकडा दैवी नाही. नमुनासंख्येचे जे सूत्र रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरला) पाठ असते, चार गुणिले पी (अपेक्षित टक्केवारी) गुणिले क्यू (१०० वजा पी) भागिले डीचा (चालवून घ्यायच्या चुकीचा) वर्ग, त्यात पी ५० आणि डी १० घातले की उत्तर बरोबर १०० येते. डी १० याचा अर्थ असा की खरे उत्तर ४० टक्के आहे की ६० टक्के, याने आपल्याला फरक पडत नाही. डी ५ घेतला तर तेच सूत्र ४०० मागते. तेवढ्या रुग्णांसाठी वेळ नसतो, म्हणून बहुतेक वेळा उत्तर आधी ठरते आणि डी मागाहून बसवला जातो.

एखाद्या गोष्टीचा ढोबळ अंदाज घेण्यापुरते हे चालूनही जाईल. पण तेच शंभर मधोमध कापून दोन औषधांची तुलना केली की गणित पार कोसळते. उदाहरण लांबचे नको, बेळगावचे घेऊ. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक चाचणी केली आणि २००६ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एएनएमच्या (उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या) हातून होणाऱ्या बाळंतपणांत निम्म्या स्त्रियांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारे औषध) तोंडाने दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. एकूण स्त्रिया १,६२०. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि प्रसूतिशास्त्रात एवढा मोठा परिणाम क्वचितच हाती लागतो. तरीही हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात किमान ४१५ स्त्रिया लागतात. ५० आणि ५० घेतल्या तर एका गटात सहा जणींना आणि दुसऱ्यात तिघींना रक्तस्राव होईल, आणि एवढा फरक नशिबानेही पडतो. मग एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी मूल्य, काढून रेसिडेंट लिहितो, ‘पी मूल्य ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून दोन्ही औषधे सारखीच परिणामकारक.’ फरक सापडला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सारखीच’ हे सिद्ध करायचे तर त्यासाठी वेगळी आखणी करावी लागते आणि नमुना बहुधा आणखी मोठा घ्यावा लागतो. व्हायवामध्ये हा प्रश्न विचारला जात नाही, कारण विचारणाऱ्याचा स्वतःचा थीसिसही बहुधा ५०-५० चाच असतो.

बेळगावच्या त्या कामातली खरी शिकण्याची गोष्ट औषध नव्हेच, मोजण्याची चादर आहे. बाळंतिणीच्या कमरेखाली घालायची प्लास्टिकची चादर, तिच्या खालच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. त्याच गटाने डोळ्यांनी केलेला अंदाज आणि चादरीतले माप यांची तुलना केली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे ७५० मिलि रक्त गेले तरी केसपेपरवर ५०० लिहिले जाते. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशीच खुणांची चादर आणि रक्तस्राव दिसताच एकदम करायच्या उपचारांचा संच वापरला गेला, तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. त्या संचात नवे औषध एकही नव्हते. रक्तस्राव वेळेत लक्षात आला आणि ठरलेले उपचार एकामागून एक न करता एकदम झाले, इतकेच.

आता आपल्या लेबर रूममधल्या थीसिसकडे पाहा. ‘रक्तस्राव’ या रकान्यात २००, २५०, ३००, ३००, २५०, ३५०. एकही २८५ नाही, एकही ४१० नाही. सगळे आकडे गोल असले की मोजलेले काही नाही हे ओळखायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून रक्तस्रावावरच्या प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये मोजण्याची पद्धत पायरीपायरीने लिहिलेली असल्याशिवाय तो मंजूर करू नये. ती पद्धत अशी असू शकते.

बाळ बाहेर आले आणि गर्भजल वाहून गेले की मगच चादर घालायची. आधी घातली तर अर्धा लिटर पाणी रक्त म्हणून मोजले जाते, आणि ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. टेबलाची पायाकडची बाजू किंचित खाली करायची, नाहीतर रक्त पाठीखाली साचते आणि पिशवी कोरडी राहते. मॉप, गॉझ आणि पॅड वापरण्याआधी वजन करून पाकिटावर लिहायचे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा पुरतो. नंतर ओल्याचे वजन वजा कोरड्याचे, आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलि धरायचे. रक्त पाण्यापेक्षा थोडे जड असते हे खरे, पण दोन्ही गटांत तीच चूक होत असल्याने तुलना बिघडत नाही. गुठळ्या फेकायच्या नाहीत, त्यांचेही वजन करायचे. मोजणी एक तास, आणि रक्त थांबले नसेल तर दोन तास. टाके घालताना गेलेले रक्त वेगळे लिहायचे, कारण मिसोप्रोस्टॉल किंवा ऑक्सिटोसिनचा त्याच्याशी संबंध नाही. सिझरमध्ये गर्भजल ओढून झाले की सक्शन बाटलीवरचा आकडा लगेच लिहून घ्यायचा आणि पोट धुवायला वापरलेले सलाइन शेवटी वजा करायचे. चादरी विकत घेण्याइतका निधी नसेल तर साधे प्लास्टिक आणि वजनकाटा चालेल. फक्त वजन करणारी व्यक्ती आणि औषध देणारी व्यक्ती एकच नसावी. कोणाला काय दिले हे ठाऊक असलेल्याचा हात काट्यावरही हलका-जड होतो.

ॲनिमियाच्या थीसिसांना एक वेगळीच व्याधी आहे. विषय योग्यच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रिया ॲनिमिक आढळल्या, देशात ५७. पण ते माप बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचे होते. बोट दाबून दाबून थेंब काढला की पेशींबाहेरचे पाणी त्यात मिसळते आणि हिमोग्लोबिन कमी दिसते. शिरेतून घेताना टुर्निकेट मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवली तर उलटे होते, रक्त दाट होऊन आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार मोजणी शक्यतो शिरेतल्या रक्तावर आणि स्वयंचलित यंत्रावर व्हावी. कटऑफही तिमाहीनुसार वेगळे आहेत. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम, गरोदरपणात पहिल्या तिमाहीत ११, दुसऱ्यात १०.५ आणि तिसऱ्यात पुन्हा ११. सगळ्यांना सरसकट ११ लावणारे सिनॉप्सिस अजूनही येतात.

आता मुख्य दोष. १० ग्रॅमखाली हिमोग्लोबिन असलेल्या गरोदर स्त्रिया निवडायच्या, सलाइनमधून लोह द्यायचे, आठ आठवड्यांनी मोजायचे आणि वाढलेला आकडा औषधाच्या खात्यावर टाकायचा. यात दोन गोष्टी निसटतात. कोणतेही माप रोज थोडे वरखाली होत असते. एका दिवशी खाली आलेल्या स्त्रियाच वेचून घेतल्या तर पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी आपोआप थोडी वर जाणार, औषध दिले नाही तरीही. दुसरे म्हणजे गरोदरपणात रक्तातले पाणी वाढत जाते, त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिन खाली येते आणि शेवटी पुन्हा किंचित चढते. २८ व्या आठवड्यात घेतलेली स्त्री ३६ व्या आठवड्यात थोडी वर दिसणारच. तुलनेचा गट नसेल तर यांपैकी किती श्रेय औषधाचे आणि किती कॅलेंडरचे, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुलनेच्या गटाला अर्थातच उपचाराविना ठेवायचे नाही. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे रोज ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड तर गरोदर स्त्रीला प्रतिबंध म्हणूनच मिळायला हवे, ॲनिमिया असेल तर उपचाराचा डोस. तोंडाने घ्यायचा हा डोस विरुद्ध सलाइन, ही खरी तुलना. गोळ्यांच्या गटात रिकाम्या स्ट्रिप परत आणायला सांगून गोळ्या मोजाव्यात. नुसते ‘घेतल्या का’ विचारले तर उत्तर ‘हो’च येते. गोळी चहासोबत की कॅल्शियमसोबत घेतली, हेही लिहावे, कारण दोन्हींमुळे लोह कमी शोषले जाते.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असेही नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचे माप) करावे आणि त्याच नमुन्यावर सीआरपीसुद्धा (सूज दाखवणारी तपासणी), कारण कुठेही सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटे वाढते. फेरिटिनचा कटऑफ १५ घेतला की ३०, हे आधी लिहून ठेवावे, निकाल पाहून नव्हे. शिरेतून लोह दिल्यानंतर फेरिटिन चार आठवड्यांच्या आत तपासून काही कळत नाही, ते नुसते फुगलेले असते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी न करता ॲनिमियाचा थीसिस करणे म्हणजे निम्मा प्रश्नच गिळून टाकणे. पेशी लहान पण त्यांची संख्या भरपूर असे सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) दिसले तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाचा संशय घेऊन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) करावी. अशा स्त्रीला लोह किती चढले यावरून औषधाचा निकाल लावणे तिच्यावरही अन्याय आणि औषधावरही. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचे लोह देणाऱ्यांनी फॉस्फेट तपासावे. ते घसरू शकते आणि थकवा कमी व्हावा म्हणून दिलेल्या औषधानेच थकवा येतो. हा रकाना थीसिसच्या मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या माहितीच्या तक्त्यात) क्वचितच असतो.

पीसीओएसबद्दल थोडक्यात. निदानाचे निकष २०२३ मध्ये सुधारले गेले आणि बीजकोषांची संख्या आता एका अंडाशयात २० किंवा अधिक अशी आहे. जुने १२ चे माप वापरले तर बऱ्याच निरोगी मुलींची अंडाशयेही सोनोग्राफीत पीसीओएसची ठरतील. शिवाय ही मोजणी योनीमार्गाने केलेल्या सोनोग्राफीची आहे, आणि आपल्याकडे अविवाहित मुलींची सोनोग्राफी पोटावरूनच होते. मग कोष मोजण्याचा आव कशाला? पोटावरून करायची तर अंडाशयाचे आकारमान १० मिलि किंवा त्याहून जास्त हा निकष घ्यावा आणि तसे स्पष्ट लिहावे. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील तर सोनोग्राफीवर निदान करूच नये. एएमएच (बीजकोषांचा अंदाज देणारे हार्मोन) ही तपासणीसुद्धा किशोरवयीन मुलींत चालत नाही. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर त्या बंद करून किमान तीन महिने गेल्याशिवाय पुरुषी हार्मोन्सची तपासणी निरर्थक ठरते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी (अशीच लक्षणे देणारे दुसरे हार्मोनदोष ओळखणाऱ्या तपासण्या) केल्याशिवाय ‘पीसीओएस’ हा शिक्का मारू नये. होस्टेलमधल्या मुलींवर केलेले पाहणी-थीसिस या कसोट्यांवर जवळजवळ सगळे गळतील. गळू द्यावेत.

याहून मोठी चूक शीर्षकातच असते. ‘तृतीयक रुग्णालयातील स्त्रियांमध्ये अमुक आजाराचा प्रिव्हलन्स.’ ओपीडीत आलेल्या शंभर स्त्रियांमधले प्रमाण म्हणजे प्रिव्हलन्स (सगळ्या समाजातले आजाराचे प्रमाण) नव्हे. ते ओपीडीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण आहे. किती जणी पोचतच नाहीत, याचा हिशोब डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात मांडला, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासले, फक्त तक्रार घेऊन आलेल्यांनाच नव्हे. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी प्रत्येकीला ३.६. आणि त्याआधी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या दोन गावांसाठी ओपीडीतला थीसिस केला असता तर तो या ८ टक्क्यांबद्दल बोलला असता आणि उरलेल्या ९२ टक्क्यांना निरोगी समजला असता. हे काम मोठ्या यंत्रणेने केले नव्हते. गावात जाऊन, आधी विश्वास मिळवून आणि तपासणीसोबत उपचार देऊन केले होते. समाजवैद्यक विभागाकडे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असतेच. स्त्रीरोग विभागाने त्यांच्यासोबत एक संयुक्त थीसिस केला तर पंधरा-वीस किलोमीटरवरचे गाव आपोआप अभ्यासात येते.

तसाच एक प्रश्न आपल्या समोर पडून आहे. बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, ही माहिती २०१९ साली विधिमंडळात दिली गेली. ऊसतोड मजूर बायांची चर्चा झाली, समिती झाली. पण विद्यापीठाच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढे आहे. चाळिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या स्त्रीचे पुढच्या दहा वर्षांत काय होते? अंडाशय ठेवले होते की काढले? काढलेल्या गर्भाशयाची हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) झाली का आणि तिच्यात खरोखर काही सापडले का? हाडे, रक्तदाब, लघवीच्या तक्रारी यांचे काय झाले? मराठवाड्यातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जिकल, स्त्रीरोग आणि अस्थिरोग ओपीडीत अशा स्त्रिया रोज येतात. केसपेपरवर मागच्या शस्त्रक्रियेची फक्त एक ओळ असते. त्या ओळीच्या जागी चार रकाने केले (वय, कारण, अंडाशय, हिस्टोपॅथॉलॉजी) तरी दोन वर्षांत अभ्यासयोग्य नोंद तयार होईल. यासाठी निधी लागत नाही, रबरी शिक्का लागतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तर महाराष्ट्रातल्या कामाने जगाची धोरणे हलली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा मेमोरियल, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केलेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, तपासणी न झालेल्या गटातले ६४ आणि एचपीव्ही गटातले ३४. मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवरच्या दुसऱ्या चाचणीत डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही चाचण्यांवर एक टोचरा आक्षेपही घेतला गेला. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? ‘इथली नेहमीची सेवाच तशी होती’ हे त्याला दिलेले उत्तर पटण्यासारखे आहे की नाही, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. आम्हाला ते अपुरे वाटते. ॲसेटिक ॲसिडची बाटली इतकी महाग कधीच नव्हती. हा वाद एथिक्स कमिट्यांच्या प्रशिक्षणात पाठ म्हणून शिकवावा, कारण ‘नेहमीची सेवा’ हे शब्द आजही सिनॉप्सिसमध्ये सर्रास येतात आणि त्यांचा अर्थ विचारला जात नाही.

या तपासणीच्या थीसिसमध्ये काय चुकते ते ठरलेले आहे. ॲसिड ३ ते ५ टक्के हवे आणि लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायला हवे. रांग मोठी असली की वीस सेकंदांत पाहिले जाते आणि पांढरा डाग उमटण्याआधीच ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते. पन्नाशीपुढे तपासायचा भाग आत सरकतो, म्हणून तिथे ही पद्धत भरवशाची नाही, तरी थीसिसमध्ये ६५ वर्षांपर्यंतच्या स्त्रिया घेतल्या जातात. आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘पॉझिटिव्ह ७ टक्के’ या ओळीवर थीसिस संपतो. त्या सात जणींचे काय झाले? कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी) झाली का, बायोप्सी, उपचार? तपासणीचा थीसिस मंजूर करताना पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीचा उपचार पूर्ण झाल्याची नोंद हा परिशिष्टाचा सक्तीचा भाग करावा. नोंद नसेल तर थीसिस स्वीकारू नये.

आता स्त्रीरोग विभाग सोडून बाकीच्यांकडे. मेडिसिन, छातीरोग, मानसोपचार, औषधशास्त्र यांच्या जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये वगळण्याच्या निकषांत ‘गरोदर आणि स्तनदा स्त्रिया’ असे लिहिलेले असते. कुठे त्याला कारण आहे, बहुतेक ठिकाणी ते मागच्या वर्षीच्या थीसिसमधून आलेले असते. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले आणि १९९३ मध्ये ते धोरण मागे घेतले. परिणाम पुढे कित्येक वर्षे पुरला. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस १० वरून ५ मिग्रॅवर आणायला २०१३ उजाडले, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते औषध हळू उतरते. आपल्याकडे कोविड लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे त्यांना लस खुली व्हायला जुलै २०२१ उजाडला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. क्षयरोग, मलेरिया, उच्च रक्तदाब, अपस्मार हे आजार गरोदरपणाची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून वगळण्याच्या प्रत्येक निकषापुढे ‘कारण’ असा रकाना ठेवावा आणि ‘नेहमीप्रमाणे’ हे कारण ग्राह्य धरू नये. तसेच निष्कर्षाचे तक्ते स्त्री आणि पुरुष असे वेगळे द्यायला सांगावे. सध्या लिंग फक्त पहिल्या तक्त्यात दिसते, ‘पुरुष ६२, स्त्रिया ३८’, आणि पुढे त्याचा मागमूस नसतो.

संमतीबद्दल बोलायला हवे. कळा सुरू झालेल्या बाईच्या हातात पेन देऊन घेतलेली सही ही संमती नव्हे. बाळंतपणाच्या चाचणीची माहिती प्रसूतिपूर्व तपासणीत, ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान द्यावी, वाचायला कागद घरी न्यायला द्यावा, आणि लेबर रूममध्ये आल्यावर फक्त ‘अजून तयार आहात ना’ एवढे विचारावे. नाही म्हटले तर प्रश्न संपला. उपचारात काही बदलणार नाही हे कागदावर पहिल्याच ओळीत असावे, तिसऱ्या पानावर नाही. अंगठा असेल तर साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला हवा. वॉर्डातली सिस्टर किंवा दुसरा रेसिडेंट चालत नाही. सासूची किंवा नवऱ्याची सही ही स्त्रीच्या सहीला पर्याय नाही, जोड म्हणूनही ती मागू नये. संमतीपत्राची प्रत तिला द्यायचीच असते. आणि भाषा! ‘यादृच्छिकीकरण’, ‘प्रतिकूल घटना’, ‘सहभागी विषय’ हे शब्द कुणाला कळतात? ‘चिठ्ठी टाकून ठरवणार’, ‘त्रास झाला तर’, ‘तुम्ही’ असे लिहा. मराठवाड्यात किंवा नंदुरबारात असाल तर तिथल्या बोलीत एएनएमकडून वाचून घ्या आणि पाच बायकांना ऐकवून पाहा. त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगितले तरच कागद तयार झाला असे समजा. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी अभ्यासासाठी केली तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याचा नोंदीचा फॉर्म एफ लागतोच, हे सिनॉप्सिसमध्ये लिहिलेले असावे. अभ्यासामुळे इजा झाली तर जबाबदारी संस्थेची आहे, रेसिडेंटच्या खिशाची नाही. त्यासाठी महाविद्यालयाकडे तरतूद आहे का, हे एथिक्स कमिटीने एकदा लेखी विचारावे. आणि क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर नोंद पहिली स्त्री घेण्याआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करता येत नाही.

हे सगळे वाचून एखादे गाइड म्हणतील, रेसिडेंटला वेळ कुठे आहे? खरे आहे. दिवसाआड नाइट ड्यूटी करणाऱ्याकडून ८३० स्त्रियांची चाचणी होणार नाही. म्हणूनच आमची मुख्य मागणी ही की एकट्याचे थीसिस बंद करून संयुक्त थीसिस सुरू करावेत. दहा महाविद्यालये, एकच प्रश्न, एकच पद्धत, एकच छापील फॉर्म. प्रत्येक ठिकाणी ८५ स्त्रिया घेतल्या की ८५० होतात आणि बेळगावएवढा फरक पकडता येतो. प्रत्येक रेसिडेंट आपल्या महाविद्यालयातील माहितीवर एखादा उपप्रश्न लिहील, मुख्य उत्तर सगळ्यांचे मिळून छापले जाईल.

हे अवघड नाही, पण काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. कोणाला कोणता उपचार, हे विद्यापीठाच्या एका ठिकाणाहून ठरावे. क्रमांक घातलेली, प्रकाशात धरली तरी आतले न दिसणारी पाकिटे पाठवावीत आणि पाकीट उघडल्याची वेळ वरच लिहावी. रेसिडेंटने स्वतः नाणे उडवायचे नाही. सम-विषम ओपीडी क्रमांकावर गट पाडणे तर बंदच करा, कारण पुढचा क्रमांक कोणता हे सगळ्यांना दिसते आणि ‘जरा गंभीर’ बाई हव्या त्या गटात सरकवली जाते. माहिती भरायला कोबोसारखी फुकट साधने आहेत. एक्सेलमध्ये भरताना एक रांग सरकली की पुढचे सगळे बिघडते. मोजण्याचे प्रशिक्षण एकदा प्रत्यक्ष द्यावे, चादर, काटा, लाल रंगाचे पाणी, आणि प्रत्येकाने दहा वेळा मोजून दाखवावे. अंदाज आणि माप यांत किती फरक पडतो, हे स्वतः पाहिलेला रेसिडेंट पुन्हा डोळ्यांनी आकडा लिहिणार नाही. संख्याशास्त्रज्ञ शेवटी ‘पी मूल्य काढून द्या’ म्हणून नव्हे, तर पहिल्या बैठकीपासून असावा.

शेवटी एका कागदाची मागणी. विद्यापीठाच्या सिनॉप्सिस फॉर्ममध्ये अभ्यासाचा खर्च असा एक रकाना असतो, त्यात रक्ततपासणी आणि छपाई लिहिली जाते. त्याखाली आणखी एक ओळ छापा: सहभागी स्त्रीला अभ्यासासाठी किती वेळा जादा यावे लागेल, प्रत्येक वेळी एसटीचे भाडे किती, बुडालेली मजुरी किती, आणि ते पैसे कोण देणार. ही ओळ कोरी असेल तर सिनॉप्सिस परत पाठवा.

कळावे,

आपले,
प्रसूतिशास्त्र, समाजवैद्यक, परिचर्या आणि जैवसंख्याशास्त्र या विषयांत काम करणारे काही जण